एमएस आणि थायरॉइड: मिरजेच्या वेटिंग रूममध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला २००६ मध्ये थायरॉइड निघाला आणि २०१३ मध्ये एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. राहते सांगलीत, उपचार मिरजेत. मी डॉक्टर नाही. शाळेत विज्ञान शिकवायचे, पाय साथ देईनात तेव्हा नोकरी सोडली. न्यूरोलॉजिस्टकडे नंबर लावून दोन-दोन तास बसलं की शेजारची बाई हळूच विचारते, "तुम्हालापण थायरॉइड आहे का हो?" तिथून सुरू झालेल्या गप्पांतले प्रश्न इथे एकत्र केलेत. औषधाचा डोस मात्र हे वाचून बदलू नका, ते तुमच्या डॉक्टरांचं काम.

एमएसमध्ये नेमकं काय बिघडतं?

आपल्या भागात नदीवर मोटारी असतात आणि तिथून शेतापर्यंत केबल ओढलेली असते. उंदराने केबलची साल कुरतडली की करंट गळतो. मोटार कधी रडत रडत चालते, कधी बंदच पडते. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांतल्या तंतूंवर मायलिनची अशीच साल असते. एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती ती कुरतडते. कुठली केबल खराब झाली त्यावर त्रास ठरतो: कुणाचा डोळा, कुणाचा पाय, कुणाची लघवी, कुणाचा तोल. त्यामुळे एमएसच्या दोन पेशंटची गोष्ट एकसारखी नसते. पॅरिसच्या शार्को या डॉक्टरांनी १८६८ मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं. तो साधारण विशी ते चाळिशीत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांत दोन-तीन पटींनी जास्त दिसतो.

"माझा थायरॉइड वाढलाय" म्हणजे काय वाढलंय?

बहुतेक वेळा उलटं झालेलं असतं. रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेला असतो आणि थायरॉइड ग्रंथी मंदावलेली असते. टीएसएच हा थायरॉइडचा हार्मोन नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तो सोडते. ऊसतोडीच्या फडावरचा मुकादम आठवा. टोळी सुस्तावली की त्याचा आवाज चढतो, टोळी झपाट्याने तोडायला लागली की तो गप्प बसतो. टीएसएच म्हणजे मुकादमाचा आवाज आणि टी-थ्री, टी-फोर हे थायरॉइडचे स्वतःचे हार्मोन म्हणजे टोळीने तोडलेला ऊस. टीएसएच १२ आला तर ग्रंथी कमी काम करतेय, ०.०१ आला तर बहुधा अतिकाम करतेय. मोठ्या माणसात साधारण ०.४ ते ४ ही मर्यादा धरतात. प्रत्येक लॅबचा आकडा थोडा वेगळा असतो, तो रिपोर्टवरच छापलेला असतो.

थायरॉइड मंदावण्याचं एक मोठं कारण हाशिमोटो नावाचा आजार आहे. जपानी डॉक्टर हाशिमोटो यांनी तो १९१२ मध्ये मांडला. त्यातही आपलीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटते. ग्रंथी अतिकाम करायला लागते तो ग्रेव्हज आजार, तोही त्याच घराण्यातला. एमएस आणि थायरॉइड यांचा संबंध लोक जोडतात तो इथूनच.

मग थायरॉइडमुळेच मला एमएस झाला का?

नाही. हे एकदाच ठणकावून सांगते, कारण माझ्या घरात सात वर्षं उलटंच बोललं जात होतं. "थायरॉइडची गोळी मध्येच सोडली होतीस ना, म्हणून नसा गेल्या" असं एका जवळच्या नातेवाइकाने माझ्या तोंडावर सांगितलं. मीही काही महिने ते खरं मानून स्वतःला दोष देत बसले.

गोळी चुकली तर थकवा येतो, सूज येते, पाळी बिघडते, कोलेस्टेरॉल वाढतं. मायलिनची साल त्याने सोलली जात नाही. एमएस कशाने सुरू होतो याचं उत्तर एका कारणात मावत नाही. त्यात जनुकं आहेत, ड जीवनसत्त्वाची कमतरता आहे, धूम्रपान आहे आणि एपस्टाइन-बार नावाचा विषाणू आहे. अमेरिकेतल्या लष्करी जवानांच्या रक्ताच्या नमुन्यांवर केलेला एक मोठा अभ्यास २०२२ मध्ये आला. त्यात या विषाणूचा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला दिसला. अर्थात हा विषाणू जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात कधी ना कधी येऊन जातो आणि एमएस होतो अगदी थोड्यांना. एकटा तोही गुन्हेगार नव्हे.

तरी दोन्ही आजार एकाच बाईला कसे? नुसता योगायोग?

थोडा योगायोग, थोडं नातं. आधी योगायोगाचं बघू. भारतातल्या आठ शहरांत मोठ्या माणसांची तपासणी करून २०१३ मध्ये निष्कर्ष छापले गेले. थायरॉइड मंदावलेले लोक जवळपास ११ टक्के निघाले, आणि त्यात बायका जास्त. म्हणजे एमएसच्या शंभर पेशंटना गोळा केलं तर दहा-अकरा जणांना थायरॉइड तसाही असणारच, दोन आजारांचं काही नातं नसलं तरी. त्यात एमएसच्या पेशंटचं रक्त वारंवार तपासलं जातं. शेजारणीचा थायरॉइड अंगात लपून राहतो, आपला सापडतो.

आता नात्याचं. प्रतिकारशक्ती स्वतःवर उलटण्याचे आजार एकेका माणसात किंवा घराण्यात घोळक्याने येताना दिसतात: कुणाला कोड, कुणाला लहानपणीचा मधुमेह, कुणाला हाशिमोटो. एमएसच्या पेशंटमध्ये थायरॉइडचे असे आजार जास्त आहेत का, यावर बरेच अभ्यास झाले. काहींत थोडं जास्त प्रमाण दिसलं, काहींत इतरांइतकंच. जिथे फरक दिसला तिथेही तो प्रचंड नव्हता. जनुकांच्या बाजूनेही चित्र असंच अर्धवट जुळतं. एमएसशी सगळ्यात घट्ट जोडलेलं जनुक डीआर-१५ गटातलं, ग्रेव्हजशी जोडलेलं डीआर-३ गटातलं. गल्ली एक, घरं वेगळी.

माझं मत विचाराल तर हे दोन आजार एकमेकांचे आई-बाप नाहीत. फार तर लांबचे चुलत भाऊ, जे एखाद्या लग्नात एकाच पंगतीला बसतात.

थायरॉइडच्या अँटीबॉडी पॉझिटिव्ह आल्या, पण टीएसएच बरोबर आहे. घाबरू का?

नको. अँटी-टीपीओ (थायरॉइडवर उलटलेली अँटीबॉडी) पॉझिटिव्ह असलेल्या अनेकांची ग्रंथी वर्षानुवर्षं ठीक चालते. पुढे मंदावण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून वर्षातून एकदा टीएसएच बघायचा. दर तीन महिन्यांनी अँटीबॉडीचा आकडा मोजत बसायची गरज नसते, त्या आकड्यावर गोळी ठरत नाही.

मला सतत थकवा आहे. तो एमएसचा की थायरॉइडचा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि या सगळ्या खटाटोपाचं खरं कारण. एमएस असल्याचं एकदा ठरलं की पुढचा प्रत्येक त्रास त्याच्याच नावावर लिहिला जातो. पेशंट लिहिते, घरचे लिहितात, कधी घाईत डॉक्टरही लिहितात. २०१५ मध्ये मला दुपारी भांडी घासायला उभं राहवत नव्हतं. "एमएस वाढला" असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आणि महागड्या औषधाची चर्चा सुरू झाली. एका ज्युनिअर डॉक्टर मुलीने सहज विचारलं, "मावशी, टीएसएच कधी केला होता?" दीड वर्षापूर्वी. आकडा १८ आला. गोळी वाढली, दोन महिन्यांत मी पुन्हा ओट्याशी उभी राहिले.

दोन थकव्यांत ढोबळ फरक असतो. थायरॉइडचा थकवा आठवड्यांत-महिन्यांत चोरपावलांनी येतो आणि मंडळी घेऊन येतो: सगळे पंख्याखाली बसलेले असताना आपल्याला थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, घोगरा आवाज, चेहऱ्यावर सूज, जास्त जाणारी पाळी. एमएसचा थकवा बऱ्याचदा दुपारनंतर गाठतो, उन्हाने वाढतो, आणि काल ठीक असलेला माणूस आज फुगा फुटल्यासारखा पडतो. पण हे ढोबळ. दोन्ही आजार असलेल्या बाईला आतून फरक कळत नाही, मला अजूनही कळत नाही. म्हणून आधी रक्त. टीएसएच, हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर. झोप आणि मन यांचीही चौकशी व्हायला हवी, कारण उदासी दोन्ही आजारांत येते आणि "थकवा" या नावाखाली लपते.

एमएसचा नवा अटॅक असेल तर सहसा ठरावीक जागेचं नवं लक्षण येतं: एक डोळा, एक पाय, कमरेखालचा बधिरपणा. ते काही तासांत किंवा दिवसांत वाढतं, २४ तासांपेक्षा जास्त टिकतं आणि त्या वेळी अंगात ताप किंवा लघवीचा संसर्ग नसतो. नुसता थकवा, बाकी काही नाही, तर लगेच अटॅक म्हणू नका.

हाताला मुंग्या येतात. हे कशाचं?

मंदावलेल्या थायरॉइडमध्ये मनगटातली नस दबते आणि अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं रात्री मुंग्यांनी भरतात. हात झटकला की बरं वाटतं. एमएसच्या मुंग्या झटकून जात नाहीत. तिसरा संशयित बी-१२ कमी होणं, आणि शाकाहारी घरांत त्याला कधी विसरू नये. तो मज्जारज्जूलाही इजा करतो आणि हुबेहूब एमएससारखा दिसू शकतो.

हात थरथरत असतील तर घरी बघण्यासारखी गोष्ट: दोन्ही हात पुढे ताणून बोटांवर वर्तमानपत्राचा कागद ठेवा. अतिकाम करणाऱ्या थायरॉइडमध्ये कागद बारीक थरथरतो. एमएसमध्ये हात स्वस्थ असताना ठीक असतो आणि कपापाशी पोचता पोचता हेलकावतो. याने निदान होत नाही, डॉक्टरांना सांगायला वाक्य मिळतं.

डोळ्यांचा त्रास दोन्हींत होतो म्हणे?

होतो, पण तऱ्हा वेगळी. एमएसमध्ये डोळ्याची नस सुजते. बहुधा एकच डोळा, बुबुळ फिरवलं की दुखतं, दिसणं धूसर होतं आणि लाल रंग फिका पडतो. मला कुंकवाची डबी विटकरी दिसायला लागली होती. ग्रेव्हजमध्ये डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात, पापण्या वर ओढल्या जातात, डोळे चुरचुरतात, कधी एकाचे दोन दिसतात. कुठल्याही कारणाने अचानक कमी दिसायला लागलं तर चष्म्याच्या दुकानात न जाता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

सांगलीचा उन्हाळा सोसत नाही. यातही थायरॉइड आहे का?

असू शकतो. अतिकाम करणाऱ्या ग्रंथीत गरमी सहन होत नाही, घाम येतो, धडधड होते, खाऊनही वजन उतरतं. एमएसमध्ये मात्र साल गेलेल्या तंतूंना थोडीशी उष्णताही अडवते. १८९० मध्ये उथॉफ या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते नोंदवलं, म्हणून या प्रकाराला त्यांचंच नाव पडलं. एका एप्रिलमध्ये मी हट्टाने गणपती मंदिरापासून आयर्विन पुलापर्यंत चालत गेले. पुलावर पोचेपर्यंत पलीकडचं टोक धुरकट झालं आणि डावा पाय घासायला लागला. मुलाने रिक्षाने घरी आणलं, ओला टॉवेल मानेवर टाकून कूलरसमोर बसवलं. अर्ध्या तासात पूल पुन्हा आठवणीत तरी स्पष्ट झाला. गारव्याने जे उतरतं तो अटॅक नसतो, नवी इजाही झालेली नसते. सावलीतही नाडी शंभरच्या वर राहत असेल तर मात्र टीएसएच करा.

एमएसच्या औषधांनी थायरॉइड बिघडतो का?

इथे खरा, पक्का संबंध आहे. गंमत अशी की लोक आजारांचं नातं शोधत बसतात आणि औषधाचं नातं विसरतात.

इंटरफेरॉन-बीटाची इंजेक्शनं अमेरिकेत १९९३ पासून वापरात आली. ती घेणाऱ्या काही पेशंटमध्ये थायरॉइड मंदावतो किंवा काही काळ अतिकाम करतो. हे मुख्यतः पहिल्या वर्षात होतं आणि आधीपासून अँटीबॉडी असलेल्यांत जास्त. बऱ्याचदा ते आपोआप निवळतं, नाहीतर गोळीने सांभाळता येतं, इंजेक्शन सोडावं लागतंच असं नाही. म्हणून इंजेक्शन सुरू करण्याआधी एक टीएसएच हवा आणि थायरॉइडचा इतिहास असेल तर दर सहा महिन्यांनी एक. माझं इंजेक्शन सुरू होताना ही तपासणी कुणी सांगितली नव्हती. मी विचारलीही नव्हती, ही माझी चूक.

दुसरं औषध अ‍ॅलेमटुझुमॅब. केंब्रिजच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये छापलं की ते दिलेल्या २७ एमएस पेशंटपैकी ९ जणांना ग्रेव्हज झाला. तिघांत एक! पुढच्या मोठ्या चाचण्यांतही सहा वर्षांत तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोकांना थायरॉइडचा कुठला ना कुठला त्रास झाला. हे औषध प्रतिकारशक्तीच्या बऱ्याच पेशी पुसून टाकतं आणि त्या नव्याने उगवताना त्यांचा तोल बिघडतो. एमएस आटोक्यात येतो आणि थायरॉइड उसळतो. एकाच प्रतिकारशक्तीने एक भांडण सोडून दुसरं उकरावं असा हा प्रकार. हे औषध घेतलेल्यांनी शेवटच्या सलाईननंतर चार वर्षं दर तीन महिन्यांनी टीएसएच करायचा असतो आणि त्रास बहुधा तिसऱ्या वर्षाच्या आसपास डोकं वर काढतो. तोवर माणूस तपासणीला कंटाळलेला असतो, घोटाळा तिथे होतो.

ग्लॅटिरामर, डायमिथाइल फ्युमरेट, फिंगोलिमॉड, नॅटालिझुमॅब यांच्याबाबत थायरॉइडचा असा ठळक संबंध दिसलेला नाही.

अटॅकमध्ये स्टिरॉइडची सलाईन लावली, आणि लगेच थायरॉइडचा रिपोर्ट विचित्र आला.

मिथाइलप्रेडनिसोलोन रोज एक ग्रॅम, तीन ते पाच दिवस, असा तो कोर्स असतो. एवढ्या स्टिरॉइडने मुकादमाचा आवाजच दबतो, टीएसएच तात्पुरता खाली जातो, टी-थ्रीही उतरतो. शरीर दुसऱ्या कशाने खूप आजारी असतानाही असंच होतं. डॉक्टरांना कोर्सची तारीख सांगा, ते बहुधा काही आठवड्यांनी रिपोर्ट पुन्हा करायला सांगतील. त्या एका कागदावर थायरॉइडची गोळी कमी करून घेऊ नका.

केस गळतात म्हणून बायोटिनची गोळी घेते. चालेल ना?

घ्या किंवा घेऊ नका, पण रक्त देण्याआधी लॅबवाल्याला आणि डॉक्टरांना सांगा. ही गोष्ट मला महागात पडली आहे.

२०१७ मध्ये भाचीच्या लग्नाआधी माझे केस मुठीने जायला लागले. मेडिकलमधून दहा मिलिग्रॅम बायोटिनच्या गोळ्या आणल्या आणि दोन महिने घेतल्या. टीएसएच ०.०५ आला, टी-फोर वर. थायरॉइडची गोळी जास्त होतेय असं वाटून फिजिशियननी ती पंच्याहत्तर मायक्रोग्रॅमची पन्नास केली. त्यांच्यासमोर जो कागद होता त्यावरून तो निर्णय बरोबरच होता, बायोटिनचं मी सांगितलंच नव्हतं. लग्नात मी भारदस्त साडी नेसून एका कोपऱ्यात पेंगत बसले होते.

बऱ्याच लॅबमधल्या तपासणीत बायोटिन हाच चिकटवणारा पदार्थ म्हणून वापरतात. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन भरपूर असलं की यंत्र फसतं: टीएसएच खोटा कमी, टी-थ्री आणि टी-फोर खोटे जास्त. कागदावर ग्रेव्हज उभा राहतो आणि पेशंट मात्र धडधाकट. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्येच याचा इशारा दिला होता. एमएसच्या पेशंटसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण हळूहळू वाढणाऱ्या एमएसवर दिवसाला ३०० मिलिग्रॅम बायोटिन देऊन पाहिलं गेलं. सुरुवातीला आशा वाटली, पण २०२० मध्ये छापलेल्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. तरी ऐकीव माहितीवर ते घेणारे भेटतात. साध्या गोळीसाठी तपासणीच्या आधी किमान दोन दिवस ती बंद ठेवायला सांगतात, मोठ्या डोसला त्याहून जास्त. लेबल वाचा, मल्टिव्हिटॅमिनमध्येही बायोटिन असतं.

थायरॉइडची गोळी एमएसवर पण गुण देईल का? मायलिनला थायरॉइड लागतो असं वाचलं.

वाचलं ते खरं. मायलिन बनवणाऱ्या पेशी पक्व होण्यासाठी थायरॉइड हार्मोन लागतो, म्हणून तर जन्मतः थायरॉइड कमी असलेल्या बाळाला लगेच औषध सुरू करतात. या हार्मोनसारखी रसायनं वापरून मायलिन पुन्हा भरून येईल का, यावर संशोधन चालू आहे. त्यातून एमएसचं मान्य औषध अजून बाहेर पडलेलं नाही. ग्रंथी ठीक असताना थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, घेतली तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडं ठिसूळ होतात. आपली हाडं स्टिरॉइडने आधीच झिजलेली असू शकतात. हा प्रयोग घरी नको.

सकाळी किती गोळ्या! कोणती आधी?

थायरॉक्सिन उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या निदान अर्धा तास आधी, जमलं तर तास. कॅल्शियम आणि लोहाची गोळी त्यानंतर चार तासांनी. एमएसवाल्यांच्या डब्यात ड जीवनसत्त्वाबरोबर कॅल्शियम असतंच आणि सगळ्या गोळ्या एका घोटात घ्यायची सवय असते. तिथे थायरॉक्सिनचा काही भाग पोटातच अडतो आणि मग "गोळी लागू पडत नाही" अशी तक्रार येते. मी कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर घेते, प्रश्न मिटला.

हळद, गुळवेल, कोबी?

हळदपेठेच्या गावात हळदीविरुद्ध बोलायची माझी छाती नाही. भाजीत घाला, दुधात घाला. तिने एमएस थांबतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि कर्क्युमिनच्या जोरकस कॅप्सूलने काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. इंटरफेरॉन किंवा टेरिफ्लुनोमाइड हे एमएसचं औषध चालू असेल तर यकृतावर आधीच लक्ष ठेवावं लागतं.

गुळवेलीबद्दल जास्त जपा. "प्रतिकारशक्ती वाढते" म्हणून ती घराघरांत प्यायली गेली. आपल्या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती भलत्या दारावर धडका देतेय. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृतावर प्रतिकारशक्तीने हल्ला केल्यासारखं चित्र मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये छापलं. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. मी बाजू एवढीच घेते की डॉक्टरांपासून लपवू नका.

कोबी-फ्लॉवर शिजवून खाल्ला तर काही होत नाही. आयोडीनचं मीठही सोडू नका.

बाळंतपणात काय होतं?

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत एमएसचे अटॅक बरेच कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढतात. युरोपातल्या बायकांच्या मोठ्या अभ्यासात १९९८ मध्ये हे स्पष्ट झालं. थायरॉइडचं घड्याळही जवळपास तसंच चालतं: बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काही बायकांची ग्रंथी सुजते, आधी अतिकाम, मग मंद. माझा थायरॉइड निघाला तो धाकट्याच्या वेळच्या बाळंतपणानंतरच. तेव्हा घरात सगळे म्हणायचे, "बाळंतिणीला थकवा यायचाच." डिंकाचे लाडू वाढले, रक्त लवकर कुणी तपासलं नाही.

आधीपासून थायरॉक्सिन घेत असाल तर दिवस राहिल्याचं कळताच फोन करा, डोस बहुधा पाव ते तीस टक्क्यांनी वाढवावा लागतो. एमएसच्या औषधांचं मात्र आधी ठरवायचं असतं. टेरिफ्लुनोमाइड आणि फिंगोलिमॉड गरोदरपणात चालत नाहीत, आणि फिंगोलिमॉड अचानक बंद केलं तर एमएस उसळू शकतो. मूल हवं असेल तर न्यूरोलॉजिस्टकडे आधी जायचं, मग बाकीचं.

मुलांना होईल का?

पाश्चात्त्य देशांतल्या आकड्यांनुसार आई किंवा वडिलांना एमएस असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन. जुळ्या एकसारख्या भावंडांतही एकाला असला तर दुसऱ्याला साधारण चारांतून एकदाच होतो. थायरॉइड घराण्यात जास्त उतरतो. माझी मुलगी वर्षातून एकदा टीएसएच करते, एमआरआय करत नाही. लक्षण नसताना करूही नये.

थायरॉइड, डोळा आणि पाय, तिन्ही जोरात असतील तर?

मग डॉक्टरांना एक नाव विचारा: एनएमओ, म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. हा एमएसचा तोतया. यात दोन्ही डोळे किंवा मज्जारज्जूचा लांबच लांब भाग सुजतो, आणि थायरॉइडसारखे दुसरे आजार सोबत असण्याचं प्रमाण एमएसपेक्षा ठळकपणे जास्त दिसतं. रक्तात अ‍ॅक्वापोरिन-४ ची अँटीबॉडी तपासून तो ओळखतात. वेगळं ओळखणं का गरजेचं? एमएसवर चालणारी इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटालिझुमॅब ही औषधं एनएमओ बिघडवू शकतात.

एमआरआयच्या इंजेक्शनने थायरॉइड बिघडतो का?

एमआरआयमध्ये गॅडोलिनियम देतात, त्यात आयोडीन नसतं. आयोडीन असतं सीटी स्कॅनच्या इंजेक्शनमध्ये. तिथे थायरॉइडचं सांगायला विसरू नका.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं का?

एमएससाठी मिळू शकतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएसचं नाव आहे. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयात. थायरॉइड या यादीत नाही.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं?

एका कागदावर तारखा: कुठलं लक्षण कधी आलं, किती दिवस टिकलं, स्टिरॉइड कधी, टीएसएचचे आकडे एकाखाली एक. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, केसांच्यासुद्धा. आणि जुने एमआरआय, रिपोर्टबरोबर फिल्म किंवा सीडीसकट, कारण नवा डाग आलाय की नाही हे जुन्याशी ताडूनच कळतं.

माझ्या २०१३ आणि २०१६ च्या फिल्म लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात होत्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आमच्या गल्लीत शिरली. आठ दिवसांनी कपाट उघडलं तेव्हा फिल्म एकमेकींना चिकटून चिखलाची एक वडी झाली होती. नवीन डॉक्टर विचारतात, "मागचा एमआरआय?" मी सांगते, "नदीत." आता प्रत्येक रिपोर्टचा फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये, बहिणीच्या मोबाइलमध्ये आणि सीडी माळ्यावर.